कपाळावरचं हो

“बोलत नाही म्हणजे काय, बोलत नाही?” मी वर्गाच्या हॅडलीबाईंना विचारलं, कारण तोवर त्यांनी तेच तुणतुणं चारदा वाजवलं होतं. माझी नात तेल्मिना वर्गात तोंड उघडत नाही, इंग्रजीत काही विचारलं तर नुसती बघत राहते, म्हणून तिला सगळ्या पोरांतून उठवायची आणि मागं पडलेल्यांच्या त्या टोकाच्या खोलीत बसवायची, जिथं चौथीतली धडधाकट पोरं दिवसभर सफरचंदं रंगवत बसतात... आणि त्याला मी सही द्यायची. तुम्हाला सांगते, शाळेच्या मोठ्या बाईंच्या खोलीत बसलोय, पेन माझ्या हातात कोंबलेलं, आणि ही पोर शेजारी मान खाली घालून. अहो, माझ्या शुगरच्या गोळ्यांच्या बाटलीवरचं मुंगीएवढं इंग्रजी हीच मला वाचून दाखवते, वर दटावते, “बुबु, जेवणाआधी घ्यायची, जेवून झाल्यावर नाही. किती वेळा सांगू?” आपल्या बुबुला, आजीला, उठता-बसता झापते, आणि म्हणे पोर बोलत नाही.

आता हॅडलीबाई वाईट नाहीत हो. या पोरीसाठी त्यांनी दाराला, खिडकीला, कचऱ्याच्या डब्यालासुद्धा नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. पण मी म्हटलं, माझ्यासमोर विचारा बघू. बाई वाकल्या, मधासारखा आवाज काढला, “तेल्मिना, तुला याच वर्गात राहायचंय का?” पोरीनं भुवया उडवल्या. दोन्ही, थेट केसांपर्यंत. बाई वाट बघतायत, मी वाट बघतेय. शेवटी बाई म्हणतात, “बघितलंत? काही उत्तर नाही.” उत्तर नाही? आम्हा मार्शल बेटांवरच्या माणसांत त्यालाच हो म्हणतात. माझ्या नवऱ्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा मी एवढंच केलं होतं, आणि तेवढ्या दोन भुवयांवर आठ पोरं झाली... वर्षभर ही हो म्हणतेय, हो म्हणतेय, कपाळ ठणकलं असेल तिचं, आणि म्हणे पोर बोलत नाही.

एवढं-तेवढं विचारता येतं मला, पण हे सगळं इंग्रजीत समजावू कसं? माझं इंग्रजी इथल्या, अमेरिकेतल्या, कोंबड्यांच्या कारखान्यातलं, चालत्या पट्ट्यापाशी उभं राहून माझं मीच शिकलेलं. ‘हात काढ’, ‘मागं हो’, ‘सुरी खाली ठेव’ हे अगदी पक्कं. यातलं कुठलं वाक्य शाळेच्या मोठ्या बाईंना म्हणू, तुम्हीच सांगा. शेवटी त्यांनीच फोन लावला दुभाष्याला. गडी आमच्यातलाच, पण बसलेला तिकडं दूर ओरेगन राज्यात. मी त्याला आमच्या बोलीत सगळं सांगितलं, पोटतिडकीनं, आणि विचारलं, “कळलं ना रे बाळा?” फोन गप्प. “ऐकतोयस का?” गप्प. मोठ्या बाई फोन हलवून बघतायत, हॅडलीबाई घड्याळ बघतायत... “अरे मेल्या, आहेस की गेलास?” तेव्हा आतून बारीक आवाज आला, “बुबु, मघापासून हो म्हणतोय की. भुवया उडवून.”

फोनवर. भुवया. याला पगार देतात.

आणि वर त्या शहाण्यानं हे सगळं इंग्रजीत करून बाईंनाही सांगितलं. मोठ्या बाई हसल्या, तेल्मिनासुद्धा खुदकन हसली. हॅडलीबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हणजे जो बघत नाही त्याला तुमचं हो कळतच नाही. आजी, माझ्यापुढं अख्खा वर्ग असतो. मी फळ्याकडं वळले की तिचं उत्तर गेलं वाया. मी काय करू, सांगा.” डोळ्यांत पाणी होतं हो बाईच्या. आयुष्यात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही, पण आता ओरडू कशावर? तरी म्हटलं, “शिकेल की तोंडानं हो म्हणायला. पण वर्गात राहून शिकेल. त्या खोलीत तिचं ऐकणार कोण, रंगाचे खडू?” फोनमधल्या गड्यानं सगळं इंग्रजीत बाईंपर्यंत पोचवलं.

“मग ती शिकेपर्यंत,” मोठ्या बाई म्हणाल्या, “तिचं कपाळ वाचणारं माणूस हवं वर्गात. रोज, सकाळपासून. आमच्याकडं नाही. तुमच्याकडं आहे?”

माझ्याकडं कोण असणार? बाकीची पोरं तिकडं बेटांवर, इथली लेक कारखान्यात, जावई कारखान्यात. राहिले मी, गुडघे गेलेली, जिची सकाळ झोपेत आणि दुपार चर्चमधल्या बायकांबरोबर पत्त्यांत जाते. आणि ही पोर पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघतेय... तोंडानं हूं नाही की चूं नाही, आणि म्हणे पोर बोलत नाही. मी ओठ घट्ट मिटून घेतले. देवाशपथ सांगते, अक्षर काढलं नाही मी तोंडातून. पण जन्माची सवय ती... भुवया गेल्या वर.

आणि हॅडलीबाईंनी, अख्ख्या वर्षात नेमकं त्याच क्षणी, बघितलं. “हो म्हणाल्या त्या,” बाई म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, “बरं, पण खुर्ची मोठ्या माणसाची द्या.”