आंबेटेंब्याच्या वाटेवरचा चकचकीत बंपर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्री. शिवदास राऊत, मंडळाचे उपाध्यक्ष माननीय श्री. श्यामसुंदरराव पाठारे, प्रमुख पाहुण्या आदरणीय विमलाबाई धुरू, व्यासपीठावरील इतर मान्यवर, रुग्णसेवा मंडळाचे सभासद, मरोळच्या कारखान्यांतून कामाच्या कपड्यांतच आलेली मंडळी, आणि मागे दाराशी उभे असलेले माझे पाहुणे...

आधी त्यांना बसू द्या. पुढची रांग राखीव आहे म्हणे, पण ज्यांच्यासाठी राखीव ठेवली ते काही आलेले दिसत नाहीत. या रे, या पुढे. शेवंती, तू पंख्याखाली बस. राजाराम, तूही ये. कोणी काही म्हणणार नाही. म्हणालं तर माइक माझ्या हातात आहे.

तर, आपण सर्वांनी माझ्याबद्दल फार चांगलं बोललात. अध्यक्षांनी मला 'सेवेची मूर्ती' म्हटलं. मूर्तीचं एक बरं असतं, ती बोलत नाही. मी मात्र आज थोडं बोलणार आहे. निवृत्त होणाऱ्या बाईला कोण अडवणार?

मी वनमाला साटम, व्यवसायाने नर्स. आपल्या मंडळाच्या फिरत्या दवाखान्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आठवड्यातून एकदा गाडीत औषधं भरायची, दहिसरचा नाका ओलांडायचा, खाडीपूल पार केला की थोड्या अंतरावर हायवे सोडायचा आणि डोंगरातल्या पाड्यांवर दवाखाना मांडायचा. या नोकरीत मी सडलेल्या जखमा धुतल्या, नारू ओढले, लोकांच्या ओकाऱ्या अंगावर घेतल्या. घरचे विचारायचे, तुला किळस येत नाही का गं? खरं सांगते, पुवाची किळस मला कधीच आली नाही. किळस आली ती एका बंपरची. त्याची हकीकत सांगते.

आमची जुनी व्हॅन डांबर संपलं की उभी राहायची. पुढे पेट्या डोक्यावर घेऊन चालत. त्र्याऐंशी साली विमलाबाईंनी सासूबाईंच्या स्मरणार्थ मंडळाला जीप द्यायचं ठरवलं. नवी कोरी, चारही चाकांनी ओढणारी. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या लग्नातही मी इतकी हसले नव्हते. आमचे हे इथेच बसलेत, त्यांना विचारा.

जीप नोंदवताना कंपनीने विचारलं, जास्तीचं काय काय बसवून हवं? याच हॉलमध्ये मीटिंग झाली. ड्रायव्हर राजाराम वाघमारे आणि मी, दोघांनाही बोलावलं होतं. आमचं मागणं साधं होतं. खोल नक्षीचे टायर, स्प्रिंगचे जाड पाटे, आणि पुढे विंच. विंच म्हणजे दोराचा रहाट. गाडी चिखलात रुतली की दोर झाडाला बांधायचा आणि गाडीने स्वतःलाच ओढून बाहेर काढायचं. हे सगळं कंपनी आपल्या कारखान्यातूनच लावून देत होती.

श्यामसुंदरराव म्हणाले, "अहो सिस्टर, आपण काय लढाईवर चाललोय? गाडी कशी झकास दिसली पाहिजे! लोकांनी वळून बघितलं पाहिजे. हे कंपनीचं सामान म्हणजे अगदी लष्करी. गाडी साधीच घेऊ आणि बाहेरून सजवू."

राजाराम म्हणाला, "साहेब, तिकडं वळून बघायला माणसंच नसतात. वाटच नसते."

सगळे हसले. चहा आला आणि विषय संपला.

मी बाहेरच्या कामाच्या विरुद्ध नाही हं. गैरसमज नको. रुग्णाला झोपवून न्यायची सोय कंपनीकडे नव्हतीच. ती आपल्या मरोळच्या काशीराम परबांनी करून दिली. मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये जमिनीवर आडवी झाले, त्यांनी माझी मापं घेतली, आणि पाइपची अशी चौकट बनवली की गाडीतून काढली की तीच डोली व्हायची. माणसाला आडवं करायला काय लागतं ते बाहेरच करून घ्यावं, ते कंपनीला ठाऊक नसतं. पण गाडी दगडावर चढणार कशी आणि चिखलातून निघणार कशी, ते ज्यांनी गाडी बनवली त्यांच्याकडूनच घ्यावं. यात कळायला अवघड असं काय आहे? समितीतल्या प्रत्येकाला ते कळत होतं. फक्त फोटोत विंच चांगला दिसत नाही.

मग गाडी सजून आली. पुढे आरशासारखा चकचकीत बंपर, खाली लोंबणारा, गाडीने ओठ काढल्यासारखा. त्यावर पिवळे दिवे. रुंद, गुळगुळीत टायर. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की मडगार्डला घासायचे, कुत्रं कण्हल्यासारखा आवाज यायचा. लाल रेक्झिनच्या सीटा, टेपरेकॉर्डर, गाणं वाजवणारा हॉर्न. वासरं बुजायची त्या हॉर्नला. आणि जीपच्या कडेला फावडं नि कुऱ्हाड अडकवायचे चिमटे कंपनीने मुळातच दिले होते, तेसुद्धा काढून टाकले. का? तिथे देणगीदारांचं नाव रंगवायचं होतं, नि फावड्याने अक्षरं झाकली गेली असती.

नारळ फुटला, पेढे वाटले, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत बंपर फार छान दिसतो. आणि बंपरमध्ये श्यामसुंदरराव दिसतात.

पुढच्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. आम्ही आंबेटेंब्याच्या पाड्यावर पोहोचलो तर झोपडीबाहेर बायका जमलेल्या. शेवंती, ही इथे बसलीय ती, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. तिची सासू सोनूबाई माझा पदर धरून म्हणाली, "बाय, हात आलाय गं भायेर. लेकराचा हात आलाय." मी आत गेले. खरंच, बाळ आडवं होतं आणि इवलासा हात आधी बाहेर आला होता. हे काम झोपडीत होण्यासारखं नव्हतं. पोट उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणजे बोरिवलीचं हॉस्पिटल गाठायलाच हवं. मी पोटाला नळी लावली. बाळाचे ठोके चालू होते, नीट, जोरात.

शेवंतीला काशीरामांच्या चौकटीवर घेतलं आणि निघालो. पाड्याखाली ओहोळ लागतो. सकाळी येताना तो आम्ही ओलांडला होता, पण मधल्या वेळात पावसाने पलीकडची दरड मऊ केली होती. राजारामने चारही चाकं जोडली, गाडी पाण्यातून बाहेर काढली, आणि दरडीवर चढायला पुढचं तोंड वर उचलणार, तोच बंपर मातीत घुसला. नांगराचा फाळ घुसावा तसा. चाकं दरडीला लागण्याआधी बंपरच लागला. मागे घ्यायला गेलो तर ते गुळगुळीत टायर गरगर फिरायला लागले आणि जागच्या जागी खड्डा करून बसले.

"सिस्टर, नाक रुतलंय," राजाराम म्हणाला. "फावडं असतं तर..."

फावडं मरोळला होतं, मंडळाच्या गोदामात. समोर, तुम्हाला खोटं वाटेल, दरडीवर अर्जुनाचं भलंमोठं झाड होतं. दोर बांधायला त्याच्यासारखं झाड नाही. पण दोर नव्हता, विंच नव्हता. राजारामने औषधाच्या पेटीचं झाकण घेतलं आणि तो चिखल उपसायला लागला. मी हातांनी उपसत होते. शेवंतीचा नवरा भीमराज आडवा होऊन बंपरखाली नखांनी माती ओढत होता. त्या बंपरमध्ये आम्हा तिघांची तोंडं दिसत होती, पसरट, वेडीवाकडी. ती किळस पहिल्यांदा आली ती तेव्हा. मी कडेला जाऊन ओकले. मध्येच मी परत नळी लावली. ठोके होते, पण मंद.

गाडी निघत नाही म्हटल्यावर पाड्यातली माणसं आली. चौकट बाहेर काढली, खांद्यावर घेतली आणि चिखलातून हायवेपर्यंत शेवंतीला पोहोचवलं. दुधाच्या एका टेम्पोवाल्याने आपले कॅन रस्त्यावर उतरवून ठेवले आणि तिला आत घेतलं. बोरिवलीच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. बाळाचे ठोके मात्र मला नाक्याच्या अलीकडे शेवटचे ऐकू आले. मुलगी होती.

शेवंती, बाय, तुला विचारूनच मी हे सांगतेय. रडू नकोस.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून जीप ओढून आणली. श्यामसुंदरराव अंगणात आले. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरेरे! बंपरला पोचा आला."

एवढंच. बाई जगली का, विचारलं नाही. मूल गेलं, हे मी सांगितलं, तर म्हणाले, "असतं एकेकाचं नशीब. पण सिस्टर, हा पोचा कसा आला? ड्रायव्हर काय झोपला होता?"

त्याच आठवड्यात समिती बसली आणि गाडीची हयगय केली म्हणून राजारामला कामावरून काढलं. मी बैठकीत शिरून भांडले. मला सांगण्यात आलं की नर्सबाईंनी रुग्णांकडे बघावं. अध्यक्षमहाराज, तेव्हा तुम्ही गप्प बसला होतात. तुम्ही भले गृहस्थ आहात, हे मी मनापासून म्हणते. पण त्या दिवशी तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

मग मी काय केलं ते या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कोणी मोठ्याने बोलत नाही. नवीन ड्रायव्हरला म्हटलं, घे गाडी मरोळला. काशीरामांनी चष्मा वर केला, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "बाय, ह्यां सगळां कापूक व्हयां." मी म्हटलं, कापा. त्यांनी गॅसची ज्योत लावली. तो बंपर खाली पडला तेव्हाचा आवाज मला अजून आवडतो. त्याच्या जागी आखूड, सरळ लोखंडी पट्टी आली. कडेला फावड्याचे चिमटे पुन्हा बसले, थेट देणगीदारांच्या नावावर.

मग काय, गहजब! मंडळाच्या मालमत्तेची नासधूस, देणगीदारांचा अपमान. माझ्या चौकशीसाठी सभा लागली आणि श्यामसुंदररावांनी विमलाबाईंना मुद्दाम बोलावून आणलं. बाई गाडीजवळ गेल्या. सासूबाईंच्या नावावर फावडं अडकवलेलं बघून त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?" मी पुढे झाले. म्हटलं, मी. आणि का केलं, तेही तिथेच सांगितलं. सगळं, लेकराच्या हातासकट.

विमलाबाईंनी फावड्याच्या दांड्यावर हात ठेवला. मग श्यामसुंदररावांकडे वळून म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनी वसईला केळीच्या बागेत जन्म काढला. फावडं त्यांच्या नावावर शोभतं. तुमच्या त्या गाण्याच्या हॉर्नपेक्षा तर नक्कीच." आणि कंपनीचा विंच, कंपनीचे टायर, कंपनीचे पाटे बसेपर्यंत त्या दर आठवड्याला येऊन विचारत राहिल्या. बाई, तुमच्यासमोर तुमची स्तुती करू नये, पण आज राहवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याच ओहोळात गाडी पुन्हा रुतली. अर्जुनाला दोर बांधला, रहाट फिरला, गाडी वर आली. आत सर्पदंश झालेला म्हातारा होता. तो अजून बिड्या ओढतोय. शेवंतीला पुढे मुलगा झाला, तो सोनूबाईंच्या कडेवर तिकडे झोपलाय. आणि आपल्या वार्षिक सभेत उपाध्यक्षांनी सांगितलं की, 'दूरदृष्टी ठेवून आम्ही गाडीला अद्ययावत साधनं बसवली.' टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. दुसऱ्यांदा किळस आली ती तेव्हा.

श्यामसुंदरराव, तुम्ही हसताय. हसा. मला तुमचा राग नाही आला कधी. ज्याचा राग येतो त्याच्याशी माणूस भांडतो आणि नंतर चहाही पितो. मला आली ती शिसारी, आणि शिसारीवर काही औषध माझ्या पेटीत नव्हतं.

आता मंडळ दुसरी जीप घेतंय. आनंद आहे. माझ्या जागी येणारी शकु हुशार मुलगी आहे, नवा ड्रायव्हरही चांगला आहे. गाडीला काय लावायचं ते त्यांना विचारा, आणि आंबेटेंब्याच्या बायकांना विचारा. गाडीत त्याच झोपणार आहेत, आपण नाही. रंग कोणता द्यायचा ते समितीने ठरवावं. तेवढं पुरे.

आणि राजाराम. तो आता वाकोल्याला शाळेची बस चालवतो. मुलं त्याच्यावर जीव टाकतात. पण नवीन नोकरी मागायला गेला की आमच्या मंडळाचा शेरा आधी पोहोचायचा, हयगय केली. त्याच्या आईने ते ऐकलं आणि तेच मनात ठेवून ती वारली. तो शेरा अजून उठलेला नाही. मी विचारलं तर सांगतात, समितीचे निर्णय मागे घेण्याची प्रथा नाही.

फार लांबलं. वडे थंड झाले असतील. शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, एवढ्या लोकांनी वेळ काढून यावं इतकी माझी पुण्याई नाही, त्याबद्दल आपल्या सगळ्यांची मी ऋणी आहे. मरोळच्या मंडळींची, विमलाबाईंची, आणि त्या दुधाच्या टेम्पोवाल्याची, ज्याचं नावही मी विचारलं नाही. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द तिखट गेला असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला. माझ्या चुका पोटात घालण्यासारख्या आहेत. राजाराम वाघमारे यांच्याकडून त्या दिवशी काहीच चुकलं नव्हतं, त्यामुळे तिथे पोटात घालण्याचा प्रश्न येत नाही. तिथे फक्त शब्द मागे घ्यायचा आहे, आणि तो त्यांच्या समोर, सगळ्यांच्या देखत.

अध्यक्षमहाराज, हा घ्या माइक. मी इथेच उभी आहे.