मागची खोली व्याह्यांना

—नाही हो, हरवलोबिरवलो नाही मी. ऐकू येतंय मला सगळं. तो वरून ओरडतोय ना, ‘नाना, नाना’ करून, तो माझा जावई. ओरडू दे. तुम्ही ओ देऊ नका, बसू द्या मला जरा या बाकावर तुमच्याशेजारी, म्हणजे झालं.

सकाळीच निघालो आम्ही — लेक, जावई, नात, मी आणि आमचे व्याही, म्हणजे जावयाचे वडील. थंडी सरलीय, झाडांना पालवी फुटलीय, चला जरा रानात चक्कर मारू, असं लेकीनं फोनवर म्हटलं तेव्हा मी खूश — नवे बूट काढले, नातीसाठी खिशात लिमलेटच्या गोळ्या टाकल्या. गाडीपाशी येऊन बघतो तर पुढच्या सीटवर व्याही! का, तर मागं बसलं की त्यांना मळमळतं. मला नाही मळमळत? मळमळतं की! पण मी बोलून दाखवत नाही, तिथंच चुकतं माझं.

आणि व्याह्यांच्या गळ्यात ही भलीमोठी दुर्बीण. रानात शिरल्यापासून पोरगी त्यांच्याच बोटाला — आबा, हा कुठला पक्षी, आबा, तो कुठला — आणि हा माणूस, म्हणजे ते, काहीही ठोकून देतात हो! काळं काही उडालं की म्हणे गरुड. अहो, कावळा होता तो! तसं म्हटलं मी, तर नात म्हणते, ‘नाना, तुम्ही सगळी मजा घालवता.’ पानाची पिपाणी करायला मी शिकवलं तिला, मांडीवर बसवून — ती तिनं त्यांना शिकवली, आणि त्यांची वाजली माझ्यापेक्षा मोठ्यांदा. ओढ्याशी मी हात पुढं केला, तर ‘नको, तुम्ही पडाल, नाना.’ सरळ आबांचा हात धरून पलीकडं! मग मी टोपी काढली, घाम पुसला आणि एकटाच उतरलो पाण्यात. हे बघा बूट — अजून पचपच करतायत.

पण ते सोडा. लहान मूल ते, त्याचं काय मनावर घ्यायचं. मी त्यामुळं नाही आलो इथं. वर एका आडव्या पडलेल्या झाडावर बसून डबा खात होतो, तेव्हा लेक म्हणाली — अगदी सहज, अंडं सोलता सोलता — ‘नाना, मागची खोली रिकामी केलीय आम्ही. आबा आता आमच्याकडंच राहणार.’ सासूबाई गेल्यापासून ते नीट जेवत नाहीत, नुसते खिडकीशी बसून असतात, हे नि ते. मी म्हटलं, ‘वा, छान झालं.’ आणखी काय म्हणणार? माझी बायको गेली तेव्हा मी काय पोटभर जेवत होतो? तेव्हा नाही कुणी खोली — विचारलं होतं. हो, विचारलं होतं तिनं, नाही कशाला म्हणू. ‘नाना, चला माझ्याकडं.’ मी म्हटलं, मी माझ्या घरी सुखात आहे. अहो, म्हणतोच ना माणूस तसं! एकदा नाही म्हटलं की दुसऱ्यांदा विचारायचं असतं. मी वाट बघत राहिलो, आणि ती बिचारी समजली, बापाला खरंच नकोय.

मग ‘आलोच’ म्हटलं आणि उतरलो इकडं. बघू तरी, कोण शोधायला येतं. खरं सांगू? नातीची हाक ऐकायचीय मला. जावयाची झाली, लेकीची झाली. तिची नाही आली अजून.

श्श! हा कोण? — व्याही. तो बघा, त्या वळणावर, झाडाला धरून उभा. एकटाच उतरलाय. दम्याचा माणूस, डॉक्टरनं चढउतार बंद केलाय त्याचा — हात खाली घ्या तुमचा! शोधू दे की त्याला, दुर्बीण आहे ना गळ्यात. गरुड दिसतो, मी दिसत नाही होय? पण हा तिकडं कुठं बघतोय, ओढ्याकडं? माझी टोपी राहिली वाटतं तिथं, दगडावर. ओढ्यात कशाला वाकतोय हा... अरे, पाण्यात शिरला! याला वाटलं की काय मी बुडा — अहो! अहो व्याही! इकडं बघा, इकडं! बाकावर आहे मी, चांगला धडधाकट आहे! पुढं खोल आहे हो, मागं फिरा, वेडे का काय तुम्ही!

— आले, इकडंच येतायत. आणि तुम्ही काय बघत बसलात? उठा. उठा म्हणतो ना, बसू द्या त्यांना.