मऊ पोळी

कल्याणी: परत मुगाची उसळ?

पद्मजा: काल मटकी होती.

कल्याणी: वा, केवढा फरक. आई, कॉलेजच्या कँटीनमध्ये सगळे डोसे खातात आणि मी कोपऱ्यात मोड आलेलं धान्य चघळत बसते. पोळीचं तर दुपारपर्यंत कातडं होतं.

पद्मजा: बाबा गेल्यापासून घरात एकच पगार येतो. कँटीन बंद म्हणजे बंद. आणि उसळ पौष्टिक असते. मधल्या वेळेला राजगिऱ्याची वडी ठेवलीय, घरी केलेली.

कल्याणी: पौष्टिक हा शब्द आपल्या घरात आता कोणी उच्चारूच नये, खरं तर.

पद्मजा: झालं बोलून?

कल्याणी: नाही. एक विचारायचंय. आजी देवापाशी बसलीय तोवर.

पद्मजा: विचार.

कल्याणी: बाबांच्या भाज्या तू रात्री चिरून पाण्यात घालायचीस. सकाळी परत नवीन पाण्यात शिजवायचीस आणि तेही पाणी टाकून द्यायचीस. पोटॅशियम पाण्यात उतरतं म्हणून. बरोबर?

पद्मजा: बरोबर. किडनी गेली की शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. डायटिशियननं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

कल्याणी: मग रोज करायचीस?

पद्मजा: रोज.

कल्याणी: ऑफिसला उशीर होत असला तरी?

पद्मजा: तुला काय म्हणायचंय?

कल्याणी: मी नाही म्हणत. शेफालीआत्या म्हणते, घाईच्या दिवशी राहिलंच असणार. कोथरूडला काकांकडे गेलो होतो ना, सगळ्यांसमोर म्हणाली.

पद्मजा: आत्याकडे पोळीला एक बाई आहे आणि भाजीला दुसरी. बोलायला तिला भरपूर वेळ मिळतो.

कल्याणी: आई, विषय बदलू नकोस. डायलिसिस चालू असूनसुद्धा पोटॅशियम वाढत गेलं. त्यानंच हार्ट बंद पडलं, डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले. कुठून तरी पोटात जात होतं ना?

पद्मजा: बाहेर खात असतील. ऑफिसात कोणी नारळपाणी दिलं असेल, केळं दिलं असेल.

कल्याणी: बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, डब्याशिवाय काही खात नाही म्हणून. तुलाही सांगितलं होतं. तू त्यांना खोटारडे म्हणालीस. शेवटी शेवटी तर बोलणंच टाकलं होतंस.

पद्मजा: हळू बोल.

कल्याणी: हळूच बोलतेय. ते खरं बोलत असतील तर ते डब्यातच होतं. आणि डबा तू भरायचीस.

पद्मजा: आंघोळीला जा. पाणी गार होईल.

(कल्याणी जाते. पद्मजाच्या सासूबाई, मंदाकिनी, देवपूजा आटोपून स्वयंपाकघरात येतात.)

मंदाकिनी: काय म्हणत होती गं?

पद्मजा: काही नाही, आई. पोळ्या कडक होतात म्हणे.

मंदाकिनी: खोटं नाही त्यात. कालची मी दुधात कुस्करून खाल्ली, तेव्हा कुठे गिळली. सरक जरा. आज मी मळते कणीक.

पद्मजा: राहू द्या, आई. तुम्ही बसा.

मंदाकिनी: बसूनच आहे की. दत्ता गेल्यापासून परातीला हात लावला नाही. पोरीच्या डब्यापुरत्या तरी करू दे. त्या पातेल्यात काय आहे?

पद्मजा: बटाट्याच्या फोडी शिजवल्यात, संध्याकाळच्या भाजीला. पाणी ओतायचंय अजून.

मंदाकिनी: ओतू नकोस. तेच तर लागतं. दत्ताच्या डब्यातली पोळी संध्याकाळी उरून आली तरी मऊ असायची, आठवतं? ती कशानं असायची?

पद्मजा: तुमचा हात तसा आहे.

मंदाकिनी: हाताचं काही नसतं. तू त्याची भाजी चाळणीवर निथळत ठेवायचीस आणि आंघोळीला जाताना मला म्हणायचीस, आई, खालचं पाणी तेवढं ओतून टाका.

पद्मजा: हो.

मंदाकिनी: मी बरं ओतीन. भाजीचं सगळं सत्त्व त्यात उतरलेलं. त्यातच त्याची कणीक मळायचे.

पद्मजा: कोणत्या पाण्यात?

मंदाकिनी: अगं, त्याच. रात्री भिजवलेलंही झाकून ठेवायचे मी, ते आटवून घ्यायचे. आपली कणीक साध्या पाण्यात. त्याचा गोळा वेगळा, वाटीखाली झाकलेला. तुला वाटायचं त्याला तेल कमी म्हणून वेगळा मळते.

पद्मजा: रोज?

मंदाकिनी: एक दिवस चुकवला नाही. माझी आई डाळीवरचं पाणीसुद्धा फेकायची नाही, कणकेत जायचं. आणि हा तर डोळ्यांदेखत वाळत चाललेला. तुम्ही त्याच्या ताटातलं एकेक काढून घेत होता. फळ नको, डाळ बेताची, पाणीसुद्धा मोजून. मी काय नुसती बघत बसू?

पद्मजा: मला का नाही सांगितलंत?

मंदाकिनी: सांगितलं असतं तर ओतायला लावलं असतंस. मला तरी कोण काय सांगत होतं? दवाखान्यात तुम्ही दोघं जायचात. घरी आलात की म्हातारीला हुकूम, हे टाका, ते टाका. का टाका, ते विचारलं की म्हणे डॉक्टरांनी सांगितलंय.

पद्मजा: नाही सांगितलं आम्ही. चुकलं आमचं.

मंदाकिनी: जाऊ दे. जायचा तो गेलाच. पण चार घास तरी त्याच्या अंगी लागले असतील, तेवढंच मला समाधान. त्यावरच दिवस काढतेय बघ. अगं, रडतेस का?

पद्मजा: खरंच बोलत होते ते.

मंदाकिनी: कोण?

पद्मजा: हे. बाहेर काही खात नाही म्हणायचे. मला पटलंच नाही. हात जोडले होते हो त्यांनी माझ्यापुढे.

मंदाकिनी: नवरा-बायकोत होतं असं. तो काही मनात धरून ठेवणारा नव्हता. डोळे पूस. पण काय गं, ते पाणी टाकायचं होतं तरी कशासाठी?

पद्मजा: कशासाठी म्हणजे?

मंदाकिनी: भाजी पचायला हलकी व्हावी म्हणूनच ना? मला आपलं तेच वाटलं.

पद्मजा: हो. हलकी व्हावी म्हणून.

मंदाकिनी: मग कणकेत गेलं म्हणून काय बिघडलं?

पद्मजा: काही नाही, आई. काही बिघडलं नाही.

कल्याणी: कुणाचं काय बिघडलं?

मंदाकिनी: आलीस का? ये, तुला एक युक्ती दाखवते. तुझ्या बाबांची कणीक मी कशात...

पद्मजा: कल्याणी, मघाशी तू विचारलंस ना, त्याचं उत्तर देते.

कल्याणी: आत्ता? आजीसमोर?

पद्मजा: आत्ताच. बाबा बाहेर काही खात नव्हते. खरं बोलत होते ते. गेलं ते डब्यातूनच गेलं.

कल्याणी: म्हणजे आत्या म्हणाली ते...

पद्मजा: बरोबर म्हणाली. घाईच्या दिवशी राहायचं माझ्याकडून.

कल्याणी: मघाशी तर म्हणालीस रोज.

पद्मजा: मघाशी खोटं बोलले.

मंदाकिनी: अगं, काय राहायचं? काय चाललंय तुमचं?

पद्मजा: आमच्या दोघींचं आहे, आई.

कल्याणी: माहीत असून तू त्यांनाच खोटारडं ठरवलंस. मला तुझा डबा नकोय.

पद्मजा: उपाशी जाऊ नकोस.

कल्याणी: तुझ्या हातचं नको म्हणतेय ना मी.

मंदाकिनी: कल्याणी, आईशी असं बोलतात? आधीच तिचं काय कमी झालंय? थांब जरा. माझ्या हातची पोळी तर नेशील?

कल्याणी: तुझ्या हातची नेईन, आजी.

मंदाकिनी: मग गॅलरीत जाऊन केस पूस तोवर. नळासारखं पाणी गळतंय. जा.

पद्मजा: आई, ती युक्ती तिला सांगू नका. कोणालाच नका सांगू, शेफालीलासुद्धा.

मंदाकिनी: का गं?

पद्मजा: तुमची आणि ह्यांची होती ती. तशीच राहू दे.

मंदाकिनी: बरं बाई. नाही सांगत. दे ते पातेलं इकडे. गार झालं का?

पद्मजा: नाही. कोमट आहे अजून. घ्या.