मार्जरीचा बाक

बसथांब्यावर माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. समोर तळं, तळ्यात हंसांची जोडी.

“बघ गं ग्लेनिस, विल्फ्रेड नव्या बाईला घेऊन बसलाय. बाक कुठला, तर बायकोच्या आठवणीत बसवलेला!”

“अगं बाई! मार्जरीच्या नावाच्या पाटीलाच टेकलीय की ती!”

“दफनाच्या दिवशी काय रडला होता! म्हणे, आमचं हंसांसारखं, एक गेला की दुसऱ्याने नवा जोडीदार करायचा नाही.”

“हंसांचं नको सांगूस. त्या नराची मादी कोल्ह्याने नेली, तर वसंतात नवी घेऊन हजर!”

“पाखराला लाज नसते. याला तरी असावी!”

“जाऊ दे गं हिल्डा. तुला का एवढं झोंबतंय?”

“अख्खा हिवाळा त्याच्या दारात गरम सूप घेऊन कोण जात होतं? ती?”