गेटवरचं हेल्मेट

आता तुमीच सांगा, माहं काय चुकलं? आमी प्लांटच्या क्वार्टरमदी राहत होतो, तवा ह्यायची नाईट झाली का मी सकाळी गेटले ह्यायचं हेल्मेट टांगाची. ते दिसलं का भाजीवालाही न ओरडता पुढं जाये. घरात नाईटवाला झोपला हाय, हे साऱ्या गल्लीले समजे.

आता नेहरू नगरात आलो. हे रिटायर झाले, अन् नाईट करते माही सून. दवाखान्यात नर्स हाय. परवा भर दुपारी शेजारीन घंटी वाजवतच राहिली. दार उघडलं त म्हनते, "काकू, सून अजून झोपूनच? अन् ह्या वयात भांडे तुमी घासता?"

सून डोळे चोळत बाहेर आली अन् तिलेच सॉरी म्हनली. माहं डोकंच फिरलं. रातभर उभी राहून आली, अन् वरून सॉरी?

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं हेल्मेट काढलं, पुसलं अन् गेटले टांगलं. शेजारीन आलीच. हेल्मेट टांगलं म्हंजे घरात नाईटवाला झोपला हाय, हे मी तिले सांगितलं.

"काकू, काका त आता घरीच असते ना? मंग झोपलं कोन?"

"नाईटवाली झोपली हाय, हळू बोल," मी म्हनलं. "अन् काका आत भांडे घासून राहिले. काही काम असन त त्याईले सांग."