छान म्हणायचं नाही

जावई : ...आणि ही दुसरी बाजू. बघा आई, आरसा आहे आरसा. चेहरा दिसतो ह्यात.

सासू : छान झालंय.

जावई : वाकून तर बघा. चार रविवार घातलेत मी ह्या दोन पाइपांवर. कापले मी, जोडले मी, रंगवले मी, गाडीच्या दारांखाली चासीला बोल्टनं आवळलेही मीच. तुमच्या वर्कशॉपमधल्या कुणाला हात लावू दिला नाही.

सासू : बघितलं की. छान आहे हो, जावईबापू. चला, हात धुवा, जेवून घ्या.

लेक : आई, नुसतं छान?

सासू : मग काय म्हणू? छान आहे त्याला छानच म्हणणार.

जावई : आई, अकरा वर्षं मी शाळेत भाषा शिकवतोय. 'छान' हा शेरा मी कुठल्या वहीवर मारतो माहितीये? ज्या पोराच्या निबंधात धड काही नसतं, पण ज्याचे आईबाप दुसऱ्या दिवशी भेटायला येणार असतात, त्याच्या.

सासू : तुमच्या शाळेतलं मला काय कळतंय?

लेक : हिला सगळं कळतंय. आई, परवा त्या फाटकाच्या बिजागरीवरून तू तुझ्या वेल्डरला काय काय बोललीस? रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

सासू : तो कामगार आहे. त्याला बोललं तर चहा पिऊन विसरतो. जावयाला बोललं तर तू मला दहा वर्षं ऐकवशील.

लेक : मी? मला तर तू बोललेलंच हवंय. गेल्या महिन्यात नदीच्या पात्रात गाडी दगडावर घसरली, दाराखालचा पत्रा चेपला आणि माझं दार उघडेना. मागे अडलेली बाई होती. मी, डॉक्टर, खिडकीतून बाहेर पडले. येत्या रविवारी पुन्हा त्याच पात्रातून वरच्या वस्तीत जायचंय, हाच चालवणार आहे. दगडाचा मार पत्र्यानं न खाता ह्या पाइपांनी खावा म्हणून हे स्लायडर. त्यात चेहरा दिसून मला काय करायचंय?

जावई : ऐकलंत? आता तुम्ही मला अहो-जाहो करणं सोडा. 'तुम्ही' म्हणत राहिलात तर तुमच्या तोंडून माझी चूक निघायची नाही.

सासू : असं कसं सोडू?

जावई : तुमच्याकडे शिकायला येतो त्याला काय म्हणता?

सासू : तू.

जावई : मग म्हणा.

सासू : नंतर रुसायचं नाही.

जावई : नाही.

सासू : तुमच्या आईंना फोन करून सांगायचं नाही.

जावई : नाही हो.

सासू : मग ये इकडे. चष्मा लाव. हा पाइप रंगवण्याआधी घासलास का?

जावई : नवाकोरा होता. चकचकीत. फडक्यानं पुसून घेतला.

सासू : ती निळसर चकाकी लोखंडाची नव्हे रे, खपलीची. कारखान्यात तापवताना नव्या पाइपावर ती धरतेच. तिच्यावर रंग दिलास, तर रंग खपलीला धरतो, लोखंडाला नाही. हे बघ, नुसत्या नखानं काढते.

जावई : अरे बापरे. साल निघाल्यासारखी निघाली.

सासू : तुझा आरसा एक पावसाळा टिकला असता. आता हे टोक बघ. पाइपाची दोन्ही तोंडं बंद का केलीस?

जावई : पाणी आत जाऊ नये म्हणून.

सासू : पाणी जातंच. टाचणीएवढी फट पुरते त्याला. आत शिरायला वाट सापडते, बाहेर पडायला सापडत नाही. मग पाइप बाहेरून काळाकुळकुळीत आणि आतून खाल्लेला. वरून कीर्तन, आतून तमाशा. खालच्या अंगाला दोन भोकं हवीत, पाणी निथळायला.

जावई : आणखी?

सासू : चासीत बोल्टसाठी भोकं पाडलीस ना? त्यांच्या कडांना काय लावलंस?

जावई : कडांना?

सासू : भोक पाडलं की आतलं लोखंड उघडं पडतं. बोल्ट घातला म्हणजे जखम झाकली, बरी नाही झाली. हे तुला घरातच विचारता आलं असतं.

लेक : मला मध्ये ओढू नका. मी इथे पेशंटच्या बाजूनं आलेय.

जावई : म्हणजे सगळं उतरवायचं.

सासू : सगळं.

जावई : वेल्डिंगही?

सासू : वेल्डिंग राहू दे. वेल्डिंग बरं आहे.

लेक : बरं? आई, खरंच?

सासू : आहे त्याला आहे म्हणते. टाका सरळ आहे, खोल धरलाय. माझा पहिला टाका असा नव्हता. बाकी सगळं उतरव.

जावई : तुम्ही 'छान' नाही म्हणालात.

सासू : नाही म्हणाले.

(सहा दिवसांनी. शनिवारची दुपार, तेच वर्कशॉप.)

लेक : आई, ह्याचे हात बघ. वर्गात खडू धरवत नव्हता म्हणे.

सासू : ग्राइंडरनं पहिल्यांदा होतं तसं. सांग, काय काय केलंस? मला दिसतंय, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय.

जावई : खपली पूर्ण काढली, पांढरं लोखंड दिसेपर्यंत. टाक्याभोवती चिकटलेले वेल्डिंगचे छर्रे छिन्नीनं उडवले. थिनरनं पुसलं आणि नंतर उघडा हात लावला नाही. लगेच जस्ताचा प्रायमर, दोन हात. त्यावर रंग, दोन हात. मधे एकेक दिवस वाळू दिला. खाली दोन-दोन भोकं पाडली आणि आतून गंज धरू नये म्हणून पातळ मेण फवारलं, भोकांतून ठिबकेपर्यंत.

सासू : चासीच्या भोकांच्या कडा?

जावई : घासल्या, प्रायमर लावला, वाळल्यावर बोल्ट घातले. बोल्टना ग्रीस.

सासू : आणि ही मागची, कोपऱ्यातली?

जावई : तिलाही लावला. बोटानं.

सासू : बोटानं?

जावई : ब्रश जात नव्हता तिथे.

सासू : हं.

लेक : हे 'हं' चांगलं की वाईट?

सासू : तू जरा गप्प बस गं. जॅक आण रे. स्लायडरच्या बरोबर मध्याखाली लाव. पलीकडच्या चाकांना ठोकळे लावलेत ना? मग घे वर.

जावई : अख्खी बाजू?

सासू : दगड काय विचारून अर्धी उचलतो? घे.

जावई : येतेय वर... सुटली. दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली.

सासू : पाइप वाकला?

जावई : नाही.

सासू : पत्र्याला टेकला?

जावई : दोन बोटं जागा आहे अजून.

सासू : आता तिच्या बाजूचं दार उघड.

लेक : थांब, मीच उघडते. अडकले होते मी, उघडणारही मीच.

जावई : उघडतंय का?

लेक : एका बोटानं उघडलं. आणि लागलंही.

जावई : पुन्हा एकदा उघड.

लेक : घे, उघडलं. आता काय दिवसभर उघडझाप करत बसू?

जावई : बस. मला बघू दे जरा. आई, मला अभिमान वाटतोय, दुसरा शब्द सापडत नाही. आजवर मी नुसतं बोलत आलो आणि पोरांकडून लिहून घेत आलो. जी गाडीचं वजन पेलते अशी वस्तू आज पहिल्यांदा माझ्या हातून झाली. आणि हिचं दार उघडतंय.

सासू : वाटू दे की. वाटायलाच हवा. मलाही वाटतोय. सव्वीस वर्षांत अकरा जण शिकून गेले माझ्याकडून. सांगितलेलं सगळ्यांनी केलं. पण ब्रश जाईना म्हणून बोटानं कड रंगवणारा तू दुसरा.

लेक : पहिला कोण?

सासू : पहिली. मी.

लेक : वाटलंच मला. चला, आता खाली घ्या गाडी. आई, तुझा फोन वाजतोय. वनखात्याचे साहेब आहेत, सकाळी फाटकातून गाडी न्याहाळून गेले ते.

सासू : दे इकडे. बोला साहेब. हो, त्याच गाडीचे. स्लायडर म्हणतात त्यांना. मी? नाही, मी बोटही लावलं नाही. छे हो, जावई कुठला, जावई आमचे शाळेत शिकवतात. हे आमच्या मिस्त्रीनं केलेत. तुमच्या गाडीला कधी मिळतील ते मी कसं सांगणार? थांबा, त्यालाच विचारते.