पेटी रिकामी जायची नाही

खाला, पडेगावच्या वडीलधाऱ्यांनो, वर्गातल्या दोस्तांनो,

खरं सांगतो, हे लिहायचं मी चार दिवस टाळलं. लिहायला बसलो की चहाला उठायचो. सरांवर बोलायचं, आणि सर ऐकायला नाहीत. कसं बोलू?

अन्वर सरांनी आपल्याला जर्मन शिकवलं. तुम्ही दोस्त वाळूजच्या कारखान्यांतल्या जर्मन मशिनींची पुस्तकं वाचता यावीत म्हणून आलात. मी ऊन टाळायला आत शिरलो होतो. नववीतून सुटलेला, तेव्हा ट्रकवर होतो. सुरतेला एकदा काय झालं... जाऊ द्या. सर म्हणाले, "बैठ. दरवाजा लगा, धूल आती." झाला माझा प्रवेश!

मुंबईच्या जर्मन संस्थेतून पुस्तकांची लाकडी पेटी यायची. वाचायची, परत करायची, मग दुसरी. आपली भाषा इतक्या लांब कुणी पाठवतं, याचंच मला लई नवल. पण परत जाणाऱ्या पेटीत सर, खाला, तुमच्याच घरातलं ज्वारीचं पीठ ठेवायचे. इथल्या हिमरू कापडाचा तुकडा ठेवायचे. आपण जर्मनमध्ये लिहिलेली पत्रं ठेवायचे. एकदा संस्थेनं लिहिलं, फक्त पुस्तकं पाठवा, पीठ सांडलंय. व्हय, पुडी मीच बांधली होती.

म्हणालो, "सर, आता बस करा."

"पडोसी का डब्बा खाली लौटाते क्या? त्यांनी त्यांचं घर दाखवलं. आपलं कोण दाखवणार, तुझा मामा?"

पुढच्या पेटीत पीठ तर गेलंच, भाकरी थापायची रीतही गेली. जर्मनमध्ये. माझ्या हातची, चुकांसकट.

मग सरांनी माझ्या पाचोडच्या बाजारावर लिहायला लावलं. बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून करतात, ते परक्याला कसं सांगायचं? त्यासाठी मी परत बाजारात जाऊन बसलो. जिथं जन्मलो, ते गाव तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. सर, हे तुमचं देणं. शुक्रिया.

परवा संस्थेचं पत्र आलं. शिक्षक नाहीत, तर वर्ग बंद, पेटी परत करा. आपल्यात पदवीवाला कुणी नाय, हे खरंय. पण वर्ग बंद पडू द्यायचा का? सांगा ना! मी पत्र लिहिलंय, पहिलं पुस्तक आम्हीच एकमेकांना शिकवू म्हणून. जाताना सगळ्यांनी सह्या करा. उद्या ते पेटीतून जाईल.

आता सरांसाठी दोन मिनिटं...

थांबा. दारातून आपल्या वर्गातला शब्बीर खुणावतोय. काय म्हणतोस? संस्थेच्या बाई? मुंबईहून?

या बाई, या. खाला, त्यांना तुमच्याजवळ जागा करा. वर्गाचं नंतर विचारू. आधी सगळे उठा. सरांसाठी गप्प उभे राहू.